बशा शाबूत, कागदांचा घोळ
नैरोबीहून लिस्बन, परराष्ट्र सेवेतली माझी पाचवी बदली. सामान हलवणाऱ्या कंपनीची पॅकिंगची माणसं कसबी. बशा आडव्या न रचता उभ्या लावल्या, मध्ये चुरगळलेला कागद. समुद्रप्रवासात एकीलाही टवका नाही.

कागदपत्रांत मात्र आनंदीआनंद! मुलीची सायकल यादीत चक्क ‘यंत्रसामग्री’. खुलासे देईपर्यंत कंटेनर ११ दिवस गोदामात, आमचा संसार दोन सुटकेसांवर. १९६१च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमानं राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरसामानाला सीमाशुल्क माफ असतं, साठवणुकीचं भाडं नाही. ते माझ्याच खिशातून गेलं.

पॅकिंगला पुन्हा यांनाच बोलावीन. यादी मात्र मीच लिहिणार.