राणी चन्नम्मा की शिवाजी विद्यापीठ? फीच्या पावतीपलीकडचा हिशोब

बेळगाव-खानापूरकडे मुलांची पदवी झाली की घरात हाच विषय निघतो: एम.ए., एम.कॉम.साठी बेळगावचं राणी चन्नम्मा की कोल्हापूरचं शिवाजी? दोन्ही विद्यापीठं सरकारी, म्हणून लोक फीचे आकडे शेजारी ठेवतात आणि तिथेच चुकतात. घराचं कंबरडं फीनं मोडत नाही, राहण्या-जेवणानं मोडतं.

कोल्हापूर बेळगावहून सुमारे ११० किलोमीटर. रोजची ये-जा जमणारी नाही, म्हणजे खोली आली, मेस आली. दोन्ही मिळून महिन्याला ६ हजार धरले तरी १० महिन्यांचे ६० हजार. त्यात खोलीचं डिपॉझिट आणि मेसचा आगाऊ हप्ता सुरुवातीलाच द्यावा लागतो, नेमका पुस्तकांचा खर्च असतो तेव्हा. विद्यापीठाच्या वसतिगृहात नंबर लागला तर भार पुष्कळ हलका होतो, म्हणून तो अर्ज प्रवेशाबरोबरच भरा. राणी चन्नम्माला घरचा डबा घेऊन जाता येतं. मुलींना तर शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या बसला तिकीटच नाही.

शिष्यवृत्तीचं गणित आणखी वेगळं. इकडे नाडकचेरीतून (कर्नाटकचं स्थानिक महसूल कार्यालय) जात-उत्पन्नाचे दाखले काढून एसएसपी या कर्नाटकच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करता येतो. तिकडे महाडीबीटी हे महाराष्ट्राचं शिष्यवृत्ती पोर्टल महाराष्ट्राचा अधिवास मागतं, कर्नाटकच्या दाखल्यांवर भागत नाही. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशाला मात्र वाट आहे: दहावी-बारावी वादग्रस्त सीमाभागातून आणि मातृभाषा मराठी असेल, तर महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत 'टाइप ई' उमेदवारी मिळते. आपलं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का, हे बारावीतच पाहून ठेवा.

मग एवढा खर्च करून कोल्हापूर कशाला? दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला इतिहासात एम.ए. करायचं असेल, तर तिथे पेपर मराठीत लिहिता येतो. ज्याला विषय येतो पण इंग्रजीत मांडता येत नाही, त्याच्यासाठी ते ६० हजार वाया जात नाहीत, असं मला मनापासून वाटतं. एम.कॉम. किंवा एम.एस्सी. इंग्रजीतूनच करायचं असेल, तर मी घरीच राहायला सांगेन.

कोल्हापूर ठरलंच, तर राणी चन्नम्माकडून मायग्रेशन सर्टिफिकेट (दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचा दाखला) निकाल लागताच मागा. ते नसेल तर तिकडची पात्रता अडकून पडते.