भुंगेऱ्याच्या पोटावरचा प्राणी : कनानी घ्यावा की इट्रस्कन?

शेणाचा गोळा ढकलत नेणाऱ्या भुंगेऱ्यात इजिप्शियनांना सूर्य ढकलणारा खेप्री देव दिसला आणि त्याचा ताईत झाला, तोच स्कॅरब. वर भुंगेरा, खालच्या सपाट बाजूला कोरीव चित्र, दोऱ्यासाठी आरपार भोक. चित्रात प्राणीच हवा असेल, तर दोन तऱ्हा पारखून बघण्यासारख्या आहेत.

कनानी (आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइन भागातले) स्कॅरब इ.स.पू. १७०० ते १५५० च्या सुमाराचे, म्हणजे साधारण हिक्सोस राजांच्या (पश्चिम आशियातून येऊन उत्तर इजिप्तवर राज्य केलेल्या) काळातले. दगड शंखजिऱ्याचा. कोरताना इतका मऊ की नखाचाही ओरखडा उठावा. भट्टीत तापवला की कडक होतो. (हडप्पाच्या मुद्राही याच दगडाच्या आणि अशाच भाजलेल्या.) चित्रात सिंह, मगर, फणा काढलेला नाग, लांब शिंगांचं हरीण आणि त्याच्या शेजारी एखादी डहाळी. अंगावर आडव्यातिडव्या रेघा, प्रमाणाचा पत्ता नाही, पण मगरीचं शेपूट जागेत बसवायला कारागिराने काय काय केलंय ते बघत राहावं.

इट्रस्कन स्कॅरब हजारेक वर्षांनंतरचे, इटलीतल्या इट्रस्कन या प्राचीन लोकांचे, बहुतेक लाल अकिकाचे. अकिकावर सुरी चालत नाही. गिरमिट आणि घासणारी पूड लागते. त्यामुळे नंतरच्या नगांत घोडा असो की हरीण, सगळं गोल खळ्यांचं बनलेलं. भुंगेरा मात्र देखणा, पाय सुटे कोरलेले, कडेला नक्षी. अंगठीत घालून मिरवायचा असेल तर हाच. तो सहज झिजत नाही. किंमतही सहसा चढी.

मी कनानी घेईन. पण नकली माल इजिप्शियन घाटाच्या, म्हणजे कनानीसारख्याही, स्कॅरबमध्ये फार. लक्सरजवळच्या कुर्ना गावात एकोणिसाव्या शतकापासून ते बनतात. जुनाट दिसावेत म्हणून टर्की पक्ष्यांना गिळायला घालत, असंही सांगतात. म्हणून भिंगातून भोकाची तोंडं बघा. दोऱ्याने ती गुळगुळीत झालेली असली तर बरं; धारदार कडा दिसली तर संशय घ्या. रेघांच्या तळाशी हिरवट झिलईचा अंश उरलाय का तेही बघा. ही दोन्ही लक्षणं आणता येतात, म्हणून नुसत्या त्यांच्यावर भिस्त नको.

इजिप्तने १९८३ च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद केला. त्यामुळे वस्तू इजिप्तमधली असेल तर ती त्याआधी कायदेशीरपणे देशाबाहेर गेल्याचा कागद मागा. ‘जुन्या खासगी संग्रहातून’ एवढंच लिहिलं असेल तर सिंह कितीही गोड असो, परत ठेवा.