खापरपणजोबांची पेन्शन आणि आमचे ७१ हजार

आमच्या देवघराच्या खालच्या कप्प्यात एक पितळी बिल्ला आहे. त्यावरचा आकडा झिजलाय, पण बोट फिरवलं की अजून हाताला लागतो. माझे खापरपणजोबा रत्नागिरीकडून मुंबईला गेले आणि सर फ्रँक सूटर पोलीस कमिशनर होते तेव्हा, म्हणजे १८६४ ते १८८८ च्या दरम्यान, शहर पोलिसात शिपाई म्हणून लागले. पुढे हवालदार झाले, पेन्शनीत निघाले आणि गावी येऊन वारले. आजी सांगायची, दर महिन्याला ते मामलेदार कचेरीत चालत जायचे आणि पेन्शन घेऊन येताना पोरांना गूळ-शेंगदाणे आणायचे.

या बिल्ल्याचा फोटो मी गणपतीत नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठवर गेला कोण जाणे. पंधरा दिवसांनी एका माणसाचा फोन आला. बोलणं अगदी अदबीचं. म्हणाला, "काका, तुमच्या खापरपणजोबांची शेवटच्या वर्षांची पेन्शन लंडनला पडून आहे. व्याजासकट अडतीस लाखांच्या घरात जाते. वारसांनी मागायची असते, एवढंच."

असं कोणी एकदम म्हटलं असतं तर मी फोन ठेवला असता. पण त्याने आधी अर्धा तास इतिहास सांगितला, आणि त्यातला बराचसा खरा होता. लंडनचं पोलीस दल १८२९ चं. १८३९ पासून शिपायांच्या पगारातून पेन्शनसाठी पैसे कापायला लागले, जास्तीत जास्त शेकडा अडीच. पैसे कापले तरी पेन्शन मात्र हक्काची नव्हती, वरिष्ठांच्या मर्जीवर होती. ती हक्काची झाली १८९० च्या पोलीस कायद्याने. पंचवीस वर्षं नोकरी केली की तहहयात पेन्शन, आणि प्रकृतीने साथ सोडली तर पंधरा वर्षांनंतरही. पेन्शनवरून सरकारशी चाललेल्या भांडणात लंडनचे पोलीस कमिशनर जेम्स मन्रो यांनी जून १८९० मध्ये राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात लंडनच्या बो स्ट्रीट पोलीस ठाण्याच्या शिपायांनी कामावर जायचं नाकारलं. हे सगळं मी नंतर ताडून पाहिलं, खरं आहे.

खोटं होतं ते फक्त एका वाक्यात. मन्रो आधी बंगालच्या पोलिसांचे प्रमुख होते, हेही खरंच. त्यावर हा माणूस म्हणाला, "म्हणूनच काका, त्या कायद्यात हिंदुस्थानातले पोलीसही धरले होते." १८९० चा तो कायदा इंग्लंड आणि वेल्सच्या पोलिसांपुरता होता. मुंबईच्या शिपायाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण एकामागून एक नऊ गोष्टी खऱ्या वाटल्यावर दहावी तपासायचं माझ्या मनातच आलं नाही. शिवाय घरातल्या माणसाचं नाव परक्याच्या तोंडून इतक्या आदराने ऐकलं की माणूस विरघळतो. मी विरघळलो.

आधी शोध फी म्हणून ९,५०० रुपये दिले. मग एक कागद आला. जुन्या, पिवळ्या पडलेल्या छापील फॉर्मचा फोटो होता. नाव खापरपणजोबांचं, खाली उंची, केस, डोळे, अंगावरच्या खुणा आणि निवृत्तीनंतर राहण्याचं ठिकाण. तो कागद मी हिला दाखवला, मुलाला दाखवला, देवापुढे ठेवला. त्यानंतर वारसनोंद आणि कागद प्रमाणित करायचे २१,००० दिले. ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर करार केला की पेन्शन आली की तीस टक्के त्याला. शेवटी "रक्कम मंजूर झाली, आगाऊ कर भरा" म्हणून ४०,५०० मागितले. ते हिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवले होते. तेही दिले. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

मी भाच्याला फोन लावला, तो लंडनला नोकरी करतो. त्याला तो कागद पाठवला. रात्री त्याचा फोन आला, "मामा, हा मुंबईचा कागदच नाही." तिथे लंडनच्या क्यू नावाच्या भागात, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, लंडन पोलिसांच्या पेन्शनरांची १८५२ ते १९३२ ची दफ्तरं आहेत, आणि त्यांतल्या कागदांवर माणसाचं असंच वर्णन असतं. तसल्याच एका फॉर्मवर आमचं नाव चिकटवलं होतं. मग मी चष्मा पुसून पुन्हा नीट पाहिलं. पेन्शनची रक्कम पौंड, शिलिंग आणि पेन्समध्ये लिहिलेली. मुंबईच्या शिपायाला पगार रुपयांत, पेन्शनही रुपयांत, आणि तीही इथल्याच सरकारी तिजोरीतून. नाहीतर आमचे खापरपणजोबा मामलेदार कचेरीत कशाला गेले असते? आजीची ती गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली होती. पेन्शन इथेच मिळत होती आणि ते ती घेत होते, हे त्या एका गोष्टीतच होतं.

आता ज्यांच्या घरी असा बिल्ला, सनद किंवा जुना फोटो आहे त्यांनी हे नक्की लक्षात घ्या. त्या काळची पेन्शन माणसाबरोबर संपायची. तो गेला की वारसाला दरमहा काही मिळायचं नाही. केंद्र सरकारची आजची कुटुंब निवृत्तिवेतन योजना १९६४ ची आहे. व्याज चढत शंभर-सव्वाशे वर्षं पडून राहिलेली पेन्शन असं काही नसतं, लंडनलाही नाही आणि मुंबईलाही नाही.

दुसरी गोष्ट मला एका वकील मित्राने दाखवली. सरकारी पेन्शनसाठी १८७१ चा पेन्शन कायदा आहे, आणि तो आजही लागू आहे. सावकाराच्या देण्यापोटी पेन्शनीवर जप्ती आणता येत नाही, असं त्याचं ११ वं कलम सांगतं. पुढे मिळणारी पेन्शन पेन्शनराने आधीच कोणाला लिहून दिली, तर ते लिहून देणंच रद्दबातल, असं १२ वं कलम. म्हाताऱ्या पेन्शनराला कोणी लुबाडू नये म्हणून दीडशे वर्षांपूर्वी केलेली ही तरतूद. पेन्शनीतला हिस्सा लिहून मागणारा माणूस दारात आला की तिथेच थांबा. आज ज्यांची पेन्शन चालू आहे, त्यांनी तर हे कलम पाठच करून ठेवावं. "थकबाकी काढून देतो, टक्केवारी द्या" म्हणणारे त्यांनाही भेटतात.

पैसे गेले असतील तर लाजेने गप्प बसू नका. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर लगेच फोन करा. मी पाच दिवस गप्प बसलो, घरात सांगायचं धाडस होत नव्हतं. तेवढ्यात बाकीचे पैसे खात्यातून निघून गेले होते, शेवटच्या हप्त्यातले ११,००० तेवढे गोठवता आले. पोलीस ठाण्यात तक्रार घेणारी पोर माझ्या नातीच्या वयाची होती. तिने पाणी दिलं आणि सगळं शांतपणे लिहून घेतलं.

गेल्या आठवड्यात खेडच्या चुलतबहिणीचा फोन आला. तिच्या सासरकडचे कोणी जुन्या काळी पोलिसात होते, आणि तिलाही कागद आलाय. मी म्हटलं, मला पाठव. फॉर्म तोच होता. नाव तेवढं वेगळं. उंची पाच फूट नऊ इंच, डोळे करडे, उजव्या हातावर व्रण, जसंच्या तसं. तिने अजून एक रुपयाही दिलेला नाही. तो कागद मी त्याच ठाण्यात, माझ्याच तक्रारीला जोडून दिला आहे.