बीबीएसवर फाइल शोधणं: काही महिने वापरून झाल्यावर

जुना ४८६ कॉम्प्युटर लावून रात्री नक्की करतोस काय असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. तर मी बीबीएसवर, म्हणजे मोडेमने जोडून निरोप आणि फायली बघायच्या त्या जुन्या बुलेटिन बोर्डांवर, फायली शोधतो. सेटअप साधा आहे, डॉस, टेलिक्स (मोडेमवरून बोर्डाशी जोडणारा प्रोग्राम) आणि सिरीयल पोर्टला लावलेला छोटा वायफाय मोडेम (आत ईएसपी८२६६ चिप). एटीडीटी (मोडेमची डायल कमांड) टाइप करायचं, नंबराच्या जागी बीबीएसचा पत्ता द्यायचा, टेलिक्सला वाटतं खरंच फोन लागला. स्पीड मी मुद्दाम ९६०० (सेकंदाला बिट) ठेवलाय. २४०० पण करून बघितला, पण त्यात सेकंदाला जेमतेम २४० अक्षरं येतात, अख्खा स्क्रीन भरायला आठेक सेकंद, यादी चाळताना जीव जातो हो.

आता सर्चचं. गूगलची सवय असेल तर सुरुवातीला डोकं फिरणार, कारण फाइलच्या आतला मजकूर इथे कोणी बघत नाही. शोध होतो तो नावात नाहीतर वर्णनात. नाव डॉसचं, आठ अक्षरं आणि पुढे तीन. पीकेझेड२०४जी म्हणजे झिप करायचा प्रोग्राम पीकेझिप २.०४जी हे ज्याला आधीच माहितीये त्यालाच ते सापडणार ना! म्हणून मी वर्णनातच शोधतो. सिंक्रोनेट नावाचं बीबीएस सॉफ्टवेअर असलेल्या बोर्डांवर फाइल सेक्शनमध्ये एफ दाबलं की वर्णनात शोध, एस दाबलं की नावात, पीसीबोर्ड या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर तीच कामं झेड आणि एल करतात.

आणि वर्णन येतं कुठून, तर झिपच्या आत फाइल_आयडी.डिझ नावाची चिमुकली टेक्स्ट फाइल असते, ४५ अक्षरांच्या जास्तीत जास्त दहा ओळी, बोर्ड ती आपोआप उचलतं. सगळा खेळ हिच्यावर. ज्याने ती नीट लिहिली त्याची फाइल सापडते, बाकीच्या असून नसल्यासारख्या. काही महाभागांनी दहाच्या दहा ओळी स्वतःच्या ग्रुपच्या नावाच्या नक्षीत घालवल्यात, आणि काहींनी नुसतं "जबरदस्त युटिलिटी, नक्की घ्या" लिहिलंय. अरे पण कशाची युटिलिटी? त्यापेक्षा वॉलनट क्रीक कंपनीच्या सिमटेल सीडीवरची (डॉसच्या प्रोग्रामांचा संग्रह) वर्णनं मला आवडतात, एकच ओळ असते पण कामाची.

एक उदाहरण देतो. मला एप्सनच्या ९ पिनी डॉट मॅट्रिक्सवर लांबलचक बॅनर छापणारा प्रोग्राम हवा होता. प्रिंटर शब्द टाकला तर पानंच्या पानं, ड्रायव्हर, स्पूलर, लेबल छापणारे, काय वाट्टेल ते. बॅनर टाकल्यावर यादी एकदम आटोक्यात आली आणि तिसऱ्याच पानावर हवं ते मिळालं. म्हणजे आपल्याला काय हवंय ते नाही, लिहिणाऱ्याने काय लिहिलं असेल तो शब्द टाकायचा. देवनागरीची अपेक्षा तर ठेवूच नका, डॉसच्या त्या ४३७ कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) आपली अक्षरंच नाहीत.

पण खरं सांगू का, ऑनलाइन शोधायच्या भानगडीतच फारसं पडू नका. बऱ्याच बोर्डांवर सगळ्या फायलींची यादी झिप करून ठेवलेली असते, ऑलफाइल्स किंवा तसल्याच नावाने. ती एकदा उतरवा आणि घरी व्हर्न ब्युर्गच्या लिस्ट या फाइल वाचायच्या प्रोग्रामात निवांत शोधा, नाहीतर डॉसची फाइंड कमांड आहेच. फोनच्या जमान्यात तर हे करावंच लागायचं, कारण बऱ्याच बोर्डांना लाइन एकच, तुम्ही यादी चाळत बसलात की बाकीच्यांना एंगेज टोन, वर रोजच्या मिनिटांची मर्यादा, आणि नुसतं उतरवत राहिलात, अपलोड काही केलं नाही, की उतरवल्या-चढवल्याच्या रेशोवरून सिसॉप, म्हणजे बोर्ड चालवणारा, ओरडणार. १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड क्रिस्टेनसेन आणि रँडी स्यूसनी पहिलं बीबीएस चालू केलं ते निरोप ठेवायला, फायलींचे एवढे ढीग नंतरचे, त्यामुळे सर्च मागून चिकटवल्यासारखा वाटतो त्यात नवल नाही.

रोज जाणाऱ्यांनी एन, म्हणजे गेल्या वेळेनंतर आलेल्या नव्या फायली, एवढंच बघितलं तरी भागतं. उतरवण्याआधी सिंक्रोनेटवर व्ही दाबून झिपच्या आत काय आहे तेवढं बघाच, ९६०० वर एक एमबी म्हणजे अठरा मिनिटं जातात. मध्येच लाइन तुटली तर झेडमोडेम (फाइल पाठवायची पद्धत) राहिलं तिथून पुढे चालू करतं, तेवढी चैन आहे. फक्त टेलिक्समध्ये आरटीएस/सीटीएस (मोडेम आणि कॉम्प्युटरने एकमेकांना थांब म्हणायची सोय) चालू ठेवा, नाहीतर सीआरसी एरर, म्हणजे डेटा चुकल्याचे इशारेच, मोजत बसाल.