'नको' ऐकून घेणारी बालवाडी

लातुरात अडीच वर्षांच्या मुलासाठी बालवाडी शोधणाऱ्या पालकांना पहिल्याच भेटीत मुळाक्षरे, इंग्रजी कविता आणि पुढच्या स्पर्धांची तयारी ऐकवली जाते. परीक्षांच्या कसून तयारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या 'लातूर पॅटर्न'ची सावली इथवर पोहोचली आहे. आमची मुलगी जूनपासून जिथे जाते, तिथल्या ताईंनी मात्र आधी विचारले, की शी-शूला नेताना आणि कपडे बदलताना तिला कोणाचा हात चालतो व कोणाचा चालत नाही.

साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल आरशातले प्रतिबिंब स्वतःचे म्हणून ओळखू लागते आणि त्याच सुमारास 'माझं' व 'नको' हे शब्द त्याच्या तोंडी सतत येऊ लागतात. घरात आपण त्याला हट्ट म्हणतो, पण आपले काय आणि दुसऱ्याचे काय याची ती पहिली चाचपणी असते. येथे चड्डी बदलण्यापूर्वी मुलाला तसे सांगितले जाते, ते 'थांब' म्हणाले तर शक्य तेवढे थांबतात, आणि थांबणे शक्यच नसेल तर कारण सांगून मगच काम उरकतात. मला हे फार मोलाचे वाटते, कारण लहान मुलाचा प्रत्येक नकार पाळता येत नाही, तरी तो ऐकला गेला हे त्याला कळू देता येते. दसऱ्याला आजी-आजोबांना बोलावले होते, तेव्हाही ज्याला कोणाच्या मांडीवर बसायचे नव्हते, त्याला लांबूनच सोने देण्याची मुभा होती. 'अशानं लेकरू उर्मट होईल,' असे एक आजोबा म्हणालेच. त्यावर ताई हसून म्हणाल्या, 'आजोबा, सोनं तर दिलं की त्यानं!'

उणीव आहे ती मुलांच्या आपसातल्या व्यवहारात. अंगाला हात लावू न देणारा 'नको' मानणारा हा वर्ग हातातल्या खेळण्यासाठीचा 'नको' मात्र मानत नाही; 'वाटून खेळावं' म्हणत खेळणे लगेच काढून दुसऱ्याला दिले जाते. आपली पाळी संपेपर्यंत ते हाती राहील याची खात्री मिळाली, तर याच वयाचे मूल ते पुढे स्वतःहून देण्याची शक्यता अधिक असते.

पालकसभेत मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पॉक्सो कायद्याची माहिती नेमकी दिली गेली आणि 1098 हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक दारापाशी ठळक लावलेला आहे. शुल्क परिसरातील इतर वर्गांपेक्षा थोडे जास्त आहे. प्रवेशापूर्वी पालकांना वर्गात बसू देतात. त्यासाठी मुलांना शी-शूला नेण्याची वेळ निवडावी.