पी.टी.चा जोडतास की रोजची वीस मिनिटं?

पाचवी ते आठवीच्या वर्गांना शारीरिक शिक्षणाचे आठवड्याला ३५ मिनिटांचे तीन तास मिळतात असं धरू. म्हणजे १०५ मिनिटं. ती दोन तऱ्हांनी लावता येतात. एक तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची: ७० मिनिटांचा जोडतास आणि वेगळा एक सुटा तास, दोन्ही खो-खो, कबड्डी, लंगडी, लगोरीला. दुसरी तऱ्हा म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज २० मिनिटं अख्ख्या वर्गाने पळत-चालत मैदानाभोवती फिरायचं. वेळ जवळपास तेवढाच जातो. वर्गातल्या वजन वाढलेल्या चार-सहा मुलांसाठी यातलं काय बरं, एवढाच इथे प्रश्न आहे. शाळेचा संघ जिल्ह्याला न्यायचा असेल तर जोडताशाला पर्याय नाही. ती चर्चा वेगळी.

आधी अपेक्षा थोडी खाली आणायला हवी. ३५ किलोचं मूल वीस मिनिटं पळत-चालत राहिलं तर साधारण ८० ते १०० कॅलरी खर्च होतात. ग्लुकोजच्या चार-पाच बिस्किटांत त्या भरून निघतात, आणि एका वडापावात त्याच्या तिप्पट जातात. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात पन्नासेक प्राथमिक शाळांमध्ये रोज अर्धा तास जादा हालचाल, जोडीला पालकांसाठी स्वयंपाकाची शिबिरं, असा वर्षभराचा कार्यक्रम झाला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि मुलांच्या बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्यात, म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. तेव्हा पी.टी.ने वजन उतरेल असं पालकसभेत कबूल करू नये. वाढीच्या वयात वजन उतरवण्यापेक्षा ते आहे तिथे धरून ठेवणं आणि उंचीला पुढे जाऊ देणं, हेच बहुतेक मुलांना पुरतं. पी.टी.कडून मागायचं ते दोन गोष्टींसाठी: दम वाढावा, आणि पळण्याची धास्ती जावी.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. आपली १०५ मिनिटं सात दिवसांवर पसरली की रोजची १५ येतात. म्हणून त्यातली किती मिनिटं मूल खरोखर हलतं, हे फार महत्त्वाचं ठरतं.

जोडताशाची बाजू कमकुवत नाही. कौशल्य असलं की मूल शाळेबाहेरही खेळतं, आणि कौशल्य सलग वेळेतच येतं. खो-खोत पोल मारणं किंवा कबड्डीत साखळीने पकड करणं वीस मिनिटांत शिकवून होत नाही. अंगाने भरलेल्या मुलाला काही जागा तर फक्त खेळच देतो. कबड्डीत तो चांगला कोपरारक्षक होतो, रस्सीखेचीत शेवटी उभा राहतो, गोळाफेकीत किडकिडीत मुलांना मागे टाकतो. फेऱ्या मारताना असा मान त्याच्या वाट्याला येत नाही. शिवाय जोडतासाला मैदानावर जाणं-येणं, रांग, हजेरी यांत जाणारी आठ-दहा मिनिटं एकदाच जातात. रोजच्या वीस मिनिटांत ती रोज जातात, आणि तिथे बेफिकिरी झाली तर वीसची बारा उरतात.

तरीही काटा रोजच्या वीस मिनिटांकडे फिरला तो एका त्रासाने. त्याला आपण वहीवाला म्हणू.

५४ मुलांचा वर्ग आणि आखलेलं एक मैदान. खो-खोत एका वेळी आत असतात बारा जण: पाटीवर बसलेले आठ, एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे. पायावर चौघं. उरलेली ४२ मुलं बाहेर. दोन मैदानं आखली तरी तीस बाहेरच. जाड मूल आत आलं तरी त्याला पाटीवर बसवलं जातं आणि खो कोणी देत नाही, कारण त्याला उठून वेग घ्यायला वेळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पळायची पाळी आली की पहिल्या अर्ध्या मिनिटात बाद. लंगडीत तर सगळं वजन एका पायावर. तीन-चार उड्यांत घोटा दुखतो आणि दुसरा पाय टेकतो. बाद झालेल्याने बसायचं हा खेळाचा नियम. मग महिन्याभरात एक सोय आपोआप होते: त्याच्या हातात गुणांची वही येते, कधी शिट्टीही. त्याला अपमान टळल्याचं बरं वाटतं, संघाला अडचण गेल्याचं, आणि सरांना मदतनीस मिळाल्याचं. ज्याने सगळ्यात जास्त हलायला हवं तो सावलीत पाय दुमडून बसलेला, आणि हजेरीपटावर तो ७० मिनिटं ‘उपस्थित’.

यात कोणाची वाईट नियत नसते, म्हणून तर ते बदलायला कठीण जातं. आपल्या शाळेत असं होत नाही असं वाटत असेल तर एक साधी गोष्ट करून पाहावी. दोन मुलं निवडा, एक चपळ आणि एक जाड. दोन स्टॉपवॉच घ्या. मूल पायावर हलत असेल तेव्हाच घड्याळ चालू, थांबलं की बंद. मुलांना सांगू नका. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या घड्याळाचा आकडा दहा मिनिटांच्या आत राहतो, असा आमचा अंदाज आहे. तुमच्याकडे जास्त निघाला तर आनंदच आहे, आणि मग जोडतास बदलायची गरज नाही.

रोजच्या फेऱ्यांची कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये रोज १५ मिनिटं शाळेच्या गणवेशातच मुलांना बाहेर पळवायला सुरुवात केली आणि पुढे ते ‘डेली माइल’ नावाने अनेक देशांत पसरलं. त्यात बाद कोणी होत नाही. फेऱ्या मोजायच्या नाहीत, घड्याळ मोजायचं: सगळे एकदम निघतात, सगळे एकदम थांबतात, आणि मागे पडलेलं मूल कुठे आहे हे गोल फिरताना कोणाला कळतही नाही.

आपल्याकडे त्यात पहिली अडचण अशी की मैदानाला फेऱ्या ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिक्षा आहे. गृहपाठ नाही, मार पाच फेऱ्या. ही शिक्षा शाळेत चालू असेल तोवर रोजच्या वीस मिनिटांना हात लावू नये. आधी ती लेखी सूचना काढून बंद करावी. नाहीतर मुलं हा कार्यक्रम बरोबर त्याच खात्यात टाकतात.

दुसरी अडचण मांड्या घासण्याची. हिच्याबद्दल कोणी बोलत नाही. जाड मूल घामात दहा मिनिटं पळालं की मांड्यांच्या आतल्या बाजूला सोलवटतं, आणि दुसऱ्या दिवशी ते पोट दुखतं म्हणून सांगतं. दुखत असतात त्या मांड्याच. गणवेशाच्या हाफपँटखाली किंवा स्कर्टखाली गुडघ्याच्या थोडी वर येणारी सायकलिंग शॉर्ट घातली आणि आत थोडं खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावलं की प्रश्न संपतो. ही सूचना सगळ्या वर्गाच्या पालकांना एकाच चिठ्ठीत जावी, निवडक घरांना नाही. मुलींच्या ओढण्या वर्गातच राहू द्याव्यात.

वेग सांगताना ‘बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये’ ही खूण पुरते. पहिले दोन आठवडे एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, शिट्टीवर बदल. तिसऱ्या आठवड्यापासून दोन आणि दोन. दम्याच्या मुलाचा पंप वर्गशिक्षकांच्या खिशात हवा, दप्तरात नको. आणि एक गोष्ट कधीही अंगावर काढू नये: दहा ते पंधरा वयाचं जाड मूल मांडीत, जांघेत किंवा गुडघ्यात दुखतं म्हणून लंगडायला लागलं तर त्याच दिवशी पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे खुब्याचा एक्स-रे. या वयात वजनामुळे मांडीच्या हाडाचं डोकं सरकण्याचा आजार होतो, आणि दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, त्यामुळे नुसता गुडघा तपासून ते सापडत नाही. दुखतंय म्हणजे आळस करतोय, असं म्हणण्याची सवय इथे महागात पडते.

तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, हमखास. मोठी मुलं कोपरे कापतात, शिक्षक झाडाखाली मोबाइल काढतात. त्यावर आमच्या मते उत्तम तोडगा आपल्याच गल्लीतला आहे. मंगळवारी आणि गुरुवारी फेऱ्यांऐवजी साखळी किंवा विष-अमृत. साखळीत पकडलेला बाहेर जात नाही, साखळीत जोडला जातो आणि पळतच राहतो. विष-अमृतात विष लागलेला जागच्या जागी थिजतो, पण अमृत मिळालं की पुन्हा पळतो. राज्य एकाऐवजी चौघांवर दिलं की चपळ मुलांनाही दम धरायला फुरसत मिळत नाही. ५४ मुलांचे दोन गट करावेत, नाहीतर साखळी लांबून तुटते आणि टोकाची मुलं फरफटतात. आबाधुबीही चालते, पण चेंडू कापडाचाच.

शिक्षक स्वतः चालले तर मुलं कोपरे कापत नाहीत. याला दुसरा उपाय आम्हाला तरी सापडलेला नाही.

एक मुद्दा वेळापत्रकाचा. जोडतास हा गणिताच्या सरांना सगळ्यात सोयीचा दिसतो. सहामाही जवळ आली की तो जातो, स्नेहसंमेलनाच्या तालमीत जातो, जुलैच्या पावसात जातो; आणि गेला की आठवड्याचे दोन-तृतीयांश गेले. रोजची वीस मिनिटं परिपाठाला लागून ठेवली तर मागायला कोणी येत नाही, कारण वीस मिनिटांत धडा होत नाही. पाऊस असेल त्या दिवशी व्हरांड्यात जागच्या जागी पळणं, उठाबशा आणि जिन्याच्या एका बाजूने चढ, दुसऱ्या बाजूने उतार. ओल्या जिन्यावर मात्र नाही. मधल्या सुट्टीनंतर लगेच लावू नये, डबा वर येतो.

वजन-उंची वर्षातून दोनदा, एकेकाला खोलीत बोलावून घ्यावी, आकडा मोठ्याने उच्चारू नये. वाचायला भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते घ्यावेत; मोठ्यांचा बीएमआयचा आकडा मुलांना जसाच्या तसा लावणं चूक आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत तेलकट, गोड, खारट पदार्थांच्या विक्रीला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मनाई आहे. फेऱ्या मारून मुलं थेट त्या गाड्यावर जात असतील तर वरचं सगळं गणित तिथेच फिटतं.

वर्ग तीसच्या आत असेल, पूर्ण वेळ क्रीडाशिक्षक असतील आणि तीन मैदानं आखायला जागा असेल, तर जोडतास ठेवायला हरकत नाही. फक्त बाद झालेल्याने बसायचं नाही, बाहेरून एक फेरी मारून परत आत यायचं, एवढा नियम बदलावा. खो-खोतले जाणकार नाक मुरडतील. बाकीच्या शाळांनी जूनपासून रोजची वीस मिनिटं लावून दिवाळीपर्यंत पाहावं, आणि महिन्यातला एखादा शनिवार कबड्डीला ठेवावा. त्या दिवशी गुणांची वही सरांनी स्वतःकडे ठेवायची.