कणेरी मठ: आधी मोट बघा, मग गोशाळेकडे वळा

कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय बघायला जाणार असाल तर घरातलं शेती केलेलं एखादं वयस्कर माणूस बरोबर घ्याच. ऊन सोसणार नाही, चालणं फार होईल म्हणून त्यांना घरी ठेवू नका. आम्ही सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, घेऊन गेलो आणि माझ्या मुलीनं त्या दिवशी जे काही पाहिलं, ते निम्मं त्यांच्या तोंडून पाहिलं.

कोल्हापूरहून पुणे-बेंगळुरू महामार्गानं कागलच्या दिशेला निघायचं आणि गोकुळ शिरगावच्या बाजूनं आत वळायचं. गाडीनं फार वेळ लागत नाही. मठ काडसिद्धेश्वर परंपरेचा, जुना. संग्रहालयाची कल्पना सत्ताविसावे मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींची, गांधीजींच्या स्वयंपूर्ण खेड्याच्या विचारावर बेतलेली. साताएक एकरांत ८० च्या आसपास प्रसंग आणि ३०० च्या घरात सिमेंटचे पुतळे आहेत, सगळे माणसाच्या खऱ्या उंचीचे. बरेचसे उघड्यावरच. सुरुवातीला प्राचीन ऋषी आणि शास्त्रज्ञ भेटतात. तो भाग आम्ही भरभर उरकला, कारण मुलीला गाव बघायची घाई झाली होती.

आणि गाव खरंच बघण्यासारखं आहे. न्हाव्यापुढं मान खाली घालून बसलेला माणूस, कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता. पुतळे घडवणाऱ्या कारागिरांचं मला मनापासून कौतुक वाटलं. कष्ट करणाऱ्या माणसाची पाठ कशी वाकते, पोटऱ्या कशा ताठतात, हे त्यांनी नीट बघितलंय. कपड्यांच्या चुण्या, बाईच्या कमरेला खोचलेला पदर, बैलाच्या मानेखालची पोळी, कशातच हात आखडता घेतलेला नाही.

अण्णा थांबले ते मोटेपाशी, म्हणजे बैलांकरवी विहिरीचं पाणी वर ओढायच्या जुन्या साधनापाशी. तरुणपणी त्यांनी स्वतः मोट हाकलेली. मुलीला म्हणाले, "बघ पोरी, दोन दोर असत्यात. जाड त्यो नाडा, बारीक त्यो सोंदूर." मग सगळं समजावलं. मोट चामड्याची, खाली तिला सोंड. वर येताना सोंदूर सोंडेला वर ओढून धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. मोट विहिरीच्या काठाशी आली की सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, पसरते, पाणी भळाभळा बाहेर पडतं आणि पाटानं शेतात जातं. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून खाली जाणाऱ्या उतारावरून, उतरताना मोटकरी नाड्यावर बसतो, म्हणजे त्याच्या वजनाचाही जोर लागतो. मोट रिकामी झाली की बैल मागच्या पावलांनी धाव चढतात. "उलटं चालायला बैल शिकवावा लागतोय," अण्णा म्हणाले, "आणि आमचं खिलार शहाणं. नुसता आवाज दिला की सरकायचं." शेजारून चाललेली दोन अनोळखी कुटुंबंसुद्धा ऐकत उभी राहिली.

बारा बलुतेदार बघताना मुलीनं विचारलं, यांना पगार कोण द्यायचं? बलुतं म्हणजे सुगीला मिळणारा धान्याचा वाटा, एवढं सांगून मला थांबवेना. मी तिला हेही सांगितलं, की काम जन्मानं ठरायचं, सोडायची मुभा नसायची, आणि काहींच्या वाट्याला गावाबाहेरचं घर यायचं. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं, म्हणजे पिढीजात गावकामाची बांधिलकी, बंद केली. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे त्या पुतळ्यांसमोरच सांगावं. कारागिरांचे हात एवढे जवळून दिसत असताना ते पोरांना लवकर कळतं.

यानंतर गोशाळा. क्रम हाच ठेवा. मोटेवरचे बैल बघून आलं की जिवंत जनावरं वेगळीच दिसतात. फुगीर कपाळाची, लांब कानांची गीर, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी आणि मागे झुकलेल्या लांब शिंगांची खिलार. खिलारापाशी मुलगी आधी अण्णांच्या मागे लपली. अण्णांनी तिचा हात धरून गाईच्या मानेखाली खाजवायला लावलं. गाईनं मान लांब केली, मग मुलगी तिथून हलायलाच तयार होईना.

मला तिथं सारखी एक गोष्ट जाणवत राहिली. खिलार हे मूळचं कामाचं जनावर: चपळ, काटक, कोरड्या माणदेशात तग धरणारं. दूध बेताचं. विहिरीवर इंजिन आलं, मग विजेचा पंप आला, शेतात ट्रॅक्टर आला आणि त्याचं कामच गेलं. आज खिलार खोंडाला भाव येतो तो मुख्यतः शर्यतींमुळे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली तेव्हा बैल पाळणाऱ्यांचे फार हाल झाले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ च्या निकालानं ती कायम झाली. शर्यतींबद्दल कुणाचं काहीही मत असो, काम नसलेलं जनावर शेतकऱ्यानं किती दिवस पोसायचं, याचं उत्तर द्यावंच लागेल. अण्णांनी आपली शेवटची जोडी विकली ती याच कारणानं. ते त्यांनी गोठ्यात उभं राहून नातीला सांगितलं. मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी थोडकं: सकाळी उघडल्याउघडल्या पोचा, कारण दुपारी ऊन चांगलंच तापतं. टोपी आणि पाणी जवळ ठेवा. पायांत चालायची सवय असलेली चप्पल असू द्या. अर्धा दिवस तरी हाताशी हवा, आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर मध्ये निवांत बसायला वेळ धरून चाला. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजोबांना बसमध्ये जागा द्यावी.